मोडीतल्या वस्तूंचा वाली : दिनकर गंगाधर केळकर

गेल्या वर्षी आमच्या कला मंडळाने एक बेत केला. कोणाच्या तरी घरी अडगळीत पडलेले जुने लाकडी सामान मिळवायचे, ते कापून, कोरून, जोडून त्याचे एक शिल्प करायचे आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याचा लिलाव करून येणारी रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला द्यायची. बेत सर्वांना पसंत पडला. प्रश्न एवढाच राहिला, की सामान द्यायचे कोणी? मी उत्साहाच्या भरात हात वर केला. अर्नाळ्याला आमच्या घराच्या मागल्या पडवीत एक दुभत्याचे फडताळ कित्येक वर्षे पडून होते. पूर्वी त्यात दूध, दही, लोणी ठेवीत. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत उभे असत. पुढे घरात फ्रिज आला आणि फडताळात खिळे, सुतळी, जाळ्याचे तुकडे व रिकामे डबे जमा झाले.

लाकूड सागवानी आहे की नाही हे पाहावे म्हणून मी एका रविवारी ते अंगणात काढून घासायला बसलो. धुराचा आणि तेलकटीचा थर निघू लागला, तसतशी दारांवर वेल दिसू लागली. वेलीवर दोन राघू समोरासमोर बसलेले. एकाची चोच तुटलेली, दुसऱ्याची शाबूत. आजी बाहेर येऊन उभी राहिली. तिने तक्रार केली नाही, नको असेही म्हटले नाही. फक्त तुटक्या चोचीवरून एकदा बोट फिरवले आणि ती आत गेली. करवत हातात घेणे मग मला जड वाटू लागले. दुसरीकडे निधीचा प्रश्न खराच होता. आमच्याच वर्गातील काही जणांची परीक्षा फी भरायची राहिली होती, हे मला ठाऊक होते.

मी ही अडचण आमच्या एका प्राध्यापकांपुढे मांडली. त्यांनी हो किंवा नाही असे काहीच सांगितले नाही. निर्णय घेण्यापूर्वी पुण्याला जाऊन राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून ये, एवढेच सुचवले. मी गेलो. तेथे जे पाहिले आणि ते जमवणाऱ्या माणसाविषयी पुढे जे वाचले, तेच या लेखात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. त्यांच्या बालपणीचे पुणे प्लेगच्या साथीने हादरलेले आणि टिळकांच्या नावाने भारलेले होते. पेशवाई जाऊन पाऊणशे वर्षे उलटली होती, पण तिच्या खुणा शहरातून पुसल्या गेल्या नव्हत्या. सरदारांचे वाडे उभे होते. त्यांचे चौक, दिंडी दरवाजे, कोरीव खांब जागच्या जागी होते. मात्र त्यांतील वैभव ओसरत चालले होते. इनामे कमी झाली, खाणारी तोंडे वाढली, वाटण्या झाल्या. अशा घरांतून मग एकेक वस्तू बाहेर पडू लागते. आधी सोने जाते, मग चांदी, मग तांब्यापितळेची भांडी मोडीच्या भावात जातात. सर्वांत शेवटी कोरीव दारे-खिडक्या आणि तुळया लाकडाच्या भावात विकल्या जातात. पुण्याच्या वाड्यांचे हेच झाले.

त्याच काळात पुण्यात इतिहासाचे मोठे वेड पसरलेले होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची, पोत्यांतली जुनी दप्तरे वाचवीत होते. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पण ही सारी खटपट मुख्यतः कागदांसाठी होती, आणि ते योग्यही होते. कोणत्या लढाईत कोण पडला, कोणाला कोणते गाव इनाम मिळाले, हे कागद सांगतात. परंतु ते इनाम खाणाऱ्या घरात दिवा कसला होता, सुपारी कशाने कातरत, दौत कोणत्या घाटाची होती आणि बाळंतिणीच्या खोलीचे दार कसे होते, याची नोंद कागदात फारशी सापडत नाही. ही उणीव ज्यांना जाणवली आणि ज्यांनी ती भरून काढण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांत केळकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

मूळचे ते कवी. 'अज्ञातवासी' हे त्यांचे टोपणनाव. मराठी काव्याच्या अभ्यासकांना त्यांची आणखी एक ओळख आहे. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा १९२७ साली प्रसिद्ध झालेला संग्रह संपादित केला तो केळकरांनी. तांबे मध्य भारतात राहत, आणि आपल्या कविता नीट जमवून छापण्याच्या बाबतीत ते उदासीनच होते. विखुरलेले गोळा करावे, त्याला क्रम लावावा आणि लोकांपुढे ठेवावे, ही केळकरांची वृत्ती त्या कामातही दिसते. पुढे वस्तूंच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याची बीजे येथेच आहेत, असे मला वाटते.

पोटासाठी घरचा चष्म्यांचा धंदा होता. चष्म्याच्या निमित्ताने जुन्या घराण्यांतील माणसांशी त्यांची ओळख होई, आणि ओळखीतून त्या घरांतील अडगळ त्यांच्या दृष्टीस पडे. साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवण्यास सुरुवात केली. त्या वेळी ते चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी उघडले ते १९२२ मध्ये. म्हणजे संग्रहालय ही कल्पनाच आपल्याकडे सामान्य माणसाला नवी होती. त्यातही ताम्रपट, नाणी, देवतांच्या मूर्ती यांचा संग्रह लोकांना समजू शकत होता. वापरून झिजलेल्या विळ्या, खवण्या, कुलुपे आणि कंगवे जमवणारा मनुष्य त्यांना खुळा वाटला असल्यास नवल नाही.

या छंदाचे व्रत झाले ते एका दुःखामुळे. केळकरांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच गेला. अशा आघाताने काही माणसे अबोल होतात, काही देवाकडे वळतात. केळकरांनी त्या नावाभोवती एक घर बांधायला घेतले. आपल्या संग्रहाला त्यांनी मुलाचे नाव दिले. आज 'राजा केळकर म्युझियम' असे म्हणताना अनेकांची अशी समजूत असते, की राजा केळकर हे संग्राहकाचेच नाव असावे. वास्तविक ते एका लहान मुलाचे नाव आहे. त्याला आपल्या हातांनी काही करून दाखवण्याइतके आयुष्य मिळाले नाही. बापाने जमवलेल्या हजारो वस्तू त्याच्या नावावर लागल्या. इतर घरांत मुलाला वडिलांचा वारसा मिळतो. येथे सारा वारसा मुलाच्या नावाने उभा राहिला आणि तो घेणारे आपण सर्वजण झालो.

पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना साथ होती. ही गोष्ट वरवर लहान वाटते. पण ज्या घरात एकेक खोली जुन्या वस्तूंनी भरत जाते आणि घरची मिळकत पितळी दिव्यांवर व मोडक्या दरवाजांवर खर्च होते, त्या घरातील गृहिणीने काय सोसले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्यांच्या घरी असा एखादा छंदिष्ट आहे, त्यांना तो पटकन समजेल.

केळकर महाराष्ट्रात हिंडले आणि महाराष्ट्राबाहेरही हिंडले. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा निरनिराळ्या भागांतील वस्तू त्यांच्या संग्रहात आल्या. सुमारे सहा दशके हा उद्योग चालू होता. राहते घरच हळूहळू संग्रहालय बनले. आज तेथील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात आहे आणि जागेअभावी त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. एका मध्यमवर्गीय माणसाने, पाठीशी कोणतेही संस्थान नसताना, हे केले.

संग्रहालयातून फिरताना पहिल्या काही मिनिटांत जी गोष्ट लक्षात येते, ती अशी, की येथे केवळ पाहण्यासाठी घडवलेली वस्तू क्वचितच आहे. जवळजवळ प्रत्येक वस्तू कामाची आहे. अडकित्त्याचे उदाहरण घ्या. दोन पाती एका टोकाला खिळीने जोडलेली, एवढीच त्याची रचना. पण घडवणाऱ्याने त्या दोन पात्यांना कधी स्त्री-पुरुषाचे रूप दिले, कधी घोड्याचे, कधी पोपटाचे. सुपारी कातरताना ती जोडी जवळ येते आणि हात सैल सोडला की दूर होते. पाय घासण्याची वजरी पाहा. खालची बाजू खरखरीत असली की तिचे काम भागते. पण वर मोर किंवा हत्ती आहे आणि आतल्या पोकळीत खडे घातलेले असल्यामुळे घासताना ती वाजते. न्हाणीघरात कोणी पाहायला येणार नाही, हे कारागिराला ठाऊक होते. तरीही त्याने मोर घडवला. लामणदिव्याच्या साखळीची कडी साधी असती तरी दिवा लटकला असता, पण त्या कडीच्या जागी राघू आणि हत्ती बसवलेले आहेत. तीच गोष्ट दौतींची, कुंकवाच्या करंड्यांची, पानदानांची आणि स्वयंपाकघरातील साध्या पळ्या-झाऱ्यांची.

लाकडी वस्तूंपुढे मी अधिक वेळ थांबलो, कारण माझ्या डोक्यात आमचे फडताळ होते. तेथे कोरीव दारे आहेत, खिडक्या आहेत, वाड्यांचे खांब आहेत. ज्या चौकटीतून माणसे दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करीत होती, ती आता भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यातून कोणीही जात नाही. त्यामुळेच ती आपल्याला प्रथमच दिसते. तिच्यावर करवत चालवून कोणी तिचे शिल्प केलेले नाही. ती मुळातच शिल्प होती. तिच्याकडे तसे पाहायला कोणी थांबले नव्हते, इतकेच.

विसाव्या शतकात पश्चिमेकडील कलावंतांनी वापरातल्या वस्तूंची शिल्पे केली. पिकासोने १९४२ साली सायकलची बैठक आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके तयार केले, हे कलेच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. ती एका प्रतिभावंताची दृष्टी होती. बैठकीत त्याला बैल दिसला आणि मग ती बैठक राहिली नाही. केळकरांनी याच्या उलट केले. अडकित्त्याला त्यांनी अडकित्ताच राहू दिला आणि आपली दृष्टी त्यावर न लादता त्याच्या अनाम कारागिराची दृष्टी लोकांसमोर ठेवली. दोन्ही रीती मोठ्या आहेत. पण पहिल्या रीतीत वस्तू कच्चा माल असते. दुसऱ्या रीतीत तीच बोलते आणि संग्राहक बाजूला उभा राहतो. कवीने 'अज्ञातवासी' हे नाव घ्यावे आणि अज्ञात सुतार-तांबटांची कला सांभाळण्यात आयुष्य घालवावे, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

संग्रहालयातील एका दालनात मी अधिकच चकित झालो. ते दालन म्हणजे मस्तानी महाल. कोथरूड येथे मस्तानीचा जो महाल होता, त्याचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात तो पुन्हा उभा केला. आम्हा अर्नाळकरांना बाजीराव परका नाही. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले आणि तेथे जो कोट बांधला, त्याच्या दरवाजावरील शिलालेखात बाजीरावाचे नाव आहे. लहानपणापासून होडीतून बेटावर जाताना आम्ही तो दरवाजा आणि त्यावरचे हत्ती पाहिलेले आहेत. दगडाने ते दिवस टिकवले. पण त्याच बाजीरावाच्या काळचे लाकूड मात्र आपोआप टिकत नाही. त्याला वाळवी लागते, पाणी लागते, आणि चुलीसाठी सरपण कमी पडले तर माणसाची कुऱ्हाडही लागते. किल्ला स्वतःच्या बळावर उभा राहिला. महालाला उभे राहण्यासाठी केळकरांसारखा माणूस लागला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे एका दिवसात कोसळले. हे आठवले, म्हणजे एवढ्या तातडीने केळकर काय वाचवीत होते, ते कळते.

वस्तूने आपले मूळचे काम सोडून दुसरे जीवन घेणे, हे आपल्या भागाला नवे नाही. १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या आणि त्या देवळांत वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. ती वसईच्या मोहिमेतून आली, असे सांगतात. एका धर्माच्या लोकांनी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळात वाजली. पण ती घंटाच राहिली आणि वाजत राहिली. आपल्या वसईत हिंदू-ख्रिस्ती शेजारी राहतात, तेथे ही गोष्ट विजयाची म्हणून सांगण्यापेक्षा, ती घंटा वितळवून कोणी तोफ ओतली नाही म्हणून आज आपल्याला तिच्यावरचे साल वाचता येते, अशी सांगावी, हे मला बरे वाटते.

आता दानाचा मुद्दा. केळकरांचा संग्रह जसजसा नावाजला गेला, तसतशी त्याची किंमतही वाढली असली पाहिजे. जुन्या भारतीय वस्तूंना देशात आणि परदेशांत गिऱ्हाईक होते. अडकित्ते आणि दिवे विकून हा मनुष्य म्हातारपणी सुखात राहू शकला असता. त्यांनी हयातीतच संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहाला मुलाचे नाव मात्र कायम राहिले. त्यांना सन्माननीय डॉक्टरेट मिळाली, लोक त्यांना आदराने काका म्हणू लागले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे दान आपल्या नेहमीच्या दानाहून वेगळे आहे. आपण धान्य देतो, कपडे देतो, पैसे देतो. ते घेणाऱ्याच्या हातात पडते आणि संपते. संपणे हाच त्याचा गुण आहे, कारण भूक आजची असते. केळकरांचे दान आजच्या भुकेला उपयोगी नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. संग्रहालय पाहून कोणाची फी भरली जात नाही. आणखीही एक गोष्ट मला तेथे खटकली. तेथील समया तेलाशिवाय उभ्या आहेत, वाद्ये मुकी आहेत, झाऱ्याला तळणाचा वास नाही. वस्तू वाचवायची तर तिला कामावरून काढावे लागते, आणि कामावरून काढलेली वस्तू थोडी पोरकी दिसते. पण ज्या वस्तूला घरानेच आधी कामावरून काढलेले आहे, तिच्यापुढे दोनच वाटा असतात. एक भंगाराची आणि दुसरी केळकरांची.

पुण्याहून परत आल्यावर मी कला मंडळाच्या बैठकीत सांगितले, की फडताळ मी कापू देणार नाही. काही मित्र रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. लिलाव जाहीर झालेला होता. बराच वाद झाला. शेवटी महाविद्यालयाच्या कोठारात मोडून पडलेल्या बाकांच्या फळ्या मागून घेण्यात आल्या. त्यांच्यावर कोणाची वेल नव्हती की राघू नव्हते. विद्यार्थ्यांनी ब्लेडने कोरलेली नावे तेवढी होती. त्या फळ्यांपासून मंडळाच्या मुलांनी भरतीच्या लाटेवर चढणारी एक होडी तयार केली. कोरलेली नावे त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली, आणि लिलावात ती होडी घेतली एका माजी विद्यार्थ्याने. आपले नाव तीत सापडले म्हणून घेतली, असे त्यांनी नंतर सांगितले. फार मोठी रक्कम आली नाही, पण तिघांची परीक्षा फी भरली गेली.

फडताळ सध्या आमच्या ग्रंथालयाच्या दर्शनी कोपऱ्यात आहे. तेल लावून पुसलेले आहे. तुटलेली चोच आम्ही जोडली नाही. त्याच्याजवळ एक चिठ्ठी लावली आहे. तीत वस्तूचे नाव, ती कशासाठी वापरीत आणि ती कोणत्या गावाची, एवढेच लिहिले आहे. सुताराचे नाव आम्हाला लिहिता आले नाही. आजी स्नेहसंमेलनाला आली होती. तिने सर्व पाहिले आणि पायांखाली वाट्या नाहीत, हे तिच्या तेवढे लक्षात आले. पुढच्या खेपेला मी त्या चारही वाट्या अर्नाळ्याहून पिशवीत घालून आणल्या आणि पायांखाली ठेवल्या. त्यांत पाणी मात्र घातलेले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी पडवी किंवा माळा असेल. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एखादी वस्तू ओल्या फडक्याने पुसून पाहावी, एवढीच विनंती आहे. प्रत्येक वेळी राघू निघतील असे नाही. पण निघाले, तर त्यांना सांभाळण्याची रीत एका माणसाने आपल्याला आयुष्यभर खपून दाखवून दिलेली आहे.